अंगमेहनतीच्या नोकरीसाठी कमी खर्चात, टिकतील असे कपडे कसे जमवायचे?

प्रश्न थोडक्यात असा: नवी नोकरी दिवसभर उभं राहण्याची, चालण्याची, वाकण्याची, उचलठेव करण्याची आहे. मधूनमधून लोकांसमोरही जावं लागतं, म्हणून कपडे नीटनेटके दिसायला हवेत. घरात आहेत ते सगळे खुर्चीत बसून काम करण्याचे कपडे, आणि पैसे बेताचे. काय घ्यावं, किती घ्यावं आणि आधी काय घ्यावं?

सगळ्यात आधी एक विनंती: पहिल्या दिवसापूर्वी सगळी खरेदी उरकू नका. दोन पँट, तीन वरचे कपडे, एक चांगला बूट आणि मोज्यांचे चार जोड एवढ्यावर कामाला लागा. दोन आठवडे रात्री एखादा कपडा धुवावा लागेल, तेवढं सोसा. त्या दोन आठवड्यांत तुमचं काम कपड्यांवर नेमका कुठे ताण देतं ते दिसतं. कुणाची पँट गुडघ्यावर मळते, कुणाची मांडीत घासते, कुणाच्या शर्टाची डावी बाही सतत कशाला तरी अडकते. हे आधी कळत नाही. एकदम सहा जोड घेतले आणि कापड चुकीचं निघालं, तर सहाही चुकीचे असतात.

कपडा तीन तऱ्हांनी जातो

उसवणं, विरणं आणि फाटणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. कपडा निवडताना हा फरक डोक्यात असेल तर निम्मी फसगत टळते.

उसवतं तेव्हा कापड शाबूत असतं, दोरा तुटलेला असतो. कारण एक तर दोरा कच्चा, किंवा शिवणीत माया (टिपेबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड) कमी, किंवा मापच घट्ट. पँट आसनात, म्हणजे दोन पाय जुळतात तिथे, उसवते, कारण तिथे चार शिवणी एकत्र येतात आणि खाली बसताना सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. अशी उसवलेली पँट टाकून देण्यात काहीच अर्थ नसतो, ती अर्ध्या तासात दुरुस्त होते.

विरतं तेव्हा दोरा शाबूत असतो आणि कापडाचे धागे झिजलेले असतात. मांडीच्या आतल्या बाजूला, कॉलरच्या घडीवर, कफच्या कडेला, खिशाच्या तोंडाशी. हे घर्षणाचं काम. घाम आणि धूळ यांनी ते वेगाने होतं, कारण धुळीचे कण धाग्यांमध्ये शिरून कानशीसारखे घासत राहतात. म्हणून मळलेला कपडा ‘अजून एक दिवस चालेल’ म्हणून रेटणं महागात पडतं. विरलेल्या कापडावर नुसती शिवण मारली तर ती आठवडाभरात शेजारून फाटते. तिथे आतून ठिगळच लागतं.

फाटणं म्हणजे अपघात. खिळा, पत्र्याची कड, दरवाजाची मूठ. त्यावर कापडाची वीण हेच उत्तर. साध्या पातळ विणीत चीर लागली की ती सरळ धावत जाते. तिरक्या विणीच्या ट्विलमध्ये ती अडते. रिपस्टॉप कापडात दर काही मिलिमीटरवर जाड धाग्यांची चौकट विणलेली असते, चीर त्या चौकटीशी थांबते.

किती नग लागतील

आकडा अंदाजाने ठरवू नका. दोन धुण्यांमध्ये कामाचे किती दिवस येतात ते मोजा. त्याला ‘एक कपडा किती दिवस घालता येतो’ याने भागा. त्यात वाळत असलेल्या दिवसासाठी एक आणि राखीव एक मिळवा.

आठवड्यात ६ दिवस काम आणि दर ३ दिवसांनी धुणं असेल तर शर्ट रोज बदलायचा म्हणून ३, धुतलेले वाळेपर्यंत घालायला १, राखीव १. एकूण ५. पँट दोन दिवस चालते असं धरलं तर २, वाळण्यासाठी १, राखीव १. एकूण ४. हेच धुणं आठवड्यातून एकदाच होत असेल तर शर्ट ८ आणि पँट ५ लागतात. म्हणजे धुण्याचा एक वाढीव दिवस तुमचे ३ शर्ट आणि १ पँट वाचवतो. पैसे बेताचे असताना हा हिशेब सगळ्यात आधी करावा. राखीव शर्ट-पँट नवी असायची गरज नाही. जुनी पण धड अशी जोडी कामाच्या जागी पिशवीत ठेवावी. अंगावर काही सांडलं किंवा शिवण गेली तर ती लागतेच.

पैसे कुठे घालावेत, हे माझ्या मते असं: हातात १०० असतील तर ४० बूट आणि मोज्यांवर, ३० पँटवर, १५ वरच्या कपड्यांवर, १० आतल्या कपड्यांवर आणि ५ शिंप्याकडच्या फेरफारीसाठी बाजूला. बहुतेक जण याच्या उलट करतात. शर्टांवर खर्च करतात, कारण ते दिसतात, आणि बूट उरलेल्या पैशांत घेतात. तिसऱ्या आठवड्यात टाच दुखायला लागली की तो बूट बाजूला पडतो आणि दुसरा घ्यावा लागतो.

पँट

कापडाचं वजन विचारा. ते ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये, म्हणजे जीएसएममध्ये सांगतात. २०० ते २८० जीएसएमचं ट्विल बहुतेक अंगमेहनतीच्या कामांना पुरतं. १८० च्या खालचं कापड गुडघ्यावर लवकर जातं. ३०० च्या वरचं टिकतं, पण उकाड्यात नकोसं होतं आणि वाळायला वेळ घेतं. जीन्स दणकट असते यात वाद नाही, पण १२ औंसाचं डेनिम म्हणजे जवळपास ४०० जीएसएम. घामाने किंवा पाण्याने भिजलं की ते जड होतं, मांडीला चिकटतं आणि वाकताना गुडघ्यावर ओढतं. कोरड्या, घासाघाशीच्या कामाला जीन्स घ्या. ओल्या किंवा सतत उठबशीच्या कामाला घेऊ नका.

सुती की मिश्र? प्रमाण हवामानात सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे सुती कापड अंगाला बरं वाटतं पण भिजलं की भिजलेलंच राहतं. पॉलिएस्टर चटकन वाळतं पण वास धरतं. ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सुती हे मिश्रण कामाच्या कपड्यांत इतकं रुळलं आहे ते उगाच नाही. ते कमी आटतं, कमी विटतं, इस्त्रीशिवाय चालतं. त्यात २ ते ३ टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, असेल तर उठबस सोपी होते. त्यापेक्षा जास्त ताण देणारं कापड घेऊ नका. गुडघ्यावर फुगे येतात आणि ते उतरत नाहीत.

पण आगीशी, ठिणग्यांशी किंवा तापलेल्या भागांशी संबंध असेल तर हा सगळा सल्ला उलटा करा. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. भाजलेल्या जागेवरून ते काढणं फार वाईट असतं. अशा कामाला जाड विणीचं शुद्ध सुती किंवा खास ज्वालारोधक कापड घ्या. शुद्ध सुतीही पेटतं, पण वितळून चिकटत नाही. आतला बनियन आणि मोजेही सुतीच हवेत. वर सुती आणि आत नायलॉन असेल तर उपयोग नाही. पँटची मोहरी, म्हणजे पायाची खालची कड, बाहेर दुमडलेली नको, ठिणगी नेमकी त्या घडीत जाऊन बसते.

आता मापाविषयी. आरशासमोर सरळ उभं राहून पँट बघण्याला काही अर्थ नाही. खिशात फोन, किल्ल्या, जे रोज असतं ते सगळं ठेवा आणि पाच गोष्टी करा. पूर्ण उकिडवे बसा. एक पाय जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्यासारखा उंच ठेवा. एक गुडघा जमिनीला टेकवा. कमरेतून वाकून बुटांच्या नाड्या बांधा. शेवटी उकिडवे बसलेलेच दोन पावलं सरका. उकिडवे बसल्यावर मागून पट्टा उघडा पडत असेल तर आसनाची उंची कमी आहे, मोठ्या कमरेची पँट घेऊन हे सुटत नाही. गुडघ्याशी कापड ओढून तुमचा पाय थांबत असेल तर मांडीत घेर कमी आहे. उभं राहिल्यावर मांडीवर आडव्या रेघा दिसत असतील तर ती पँट आसनात उसवणारच.

मांड्या किंवा सीट भरलेली असेल तर पँट मांडीच्या मापाने घ्या आणि कंबर शिंप्याकडून आत घ्या. स्त्रियांच्या बाबतीत हे जवळपास नेहमीच करावं लागतं. कंबर ४-५ सेंमीपर्यंत सहज आत जाते. त्याहून जास्त घेतली तर मागचे खिसे एकमेकांजवळ सरकतात आणि पँट विचित्र बसते. कंबर कमी करणं सोपं असतं. मांडी वाढवायला मात्र शिवणीत माया लागते, आणि तयार कपड्यांत ती बहुधा नसते.

पँट आतून उलटी करून बघायची सवय लावा. आसनाशी पतंगाच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असेल तर फार चांगलं. मग चार शिवणी एका बिंदूवर येत नाहीत, ताण वाटला जातो. पायांच्या शिवणीत कापडाच्या दोन्ही कडा आत दुमडून वर दोन टिपा मारलेल्या असतील तर ती शिवण सहसा उसवत नाही. नुसती एक टीप आणि ओव्हरलॉक असेल तर आसनापुरती तरी दुसरी टीप मारून घ्या. मग शिवण दोन्ही हातांनी आडवी ताणा. टाक्यांच्या मधून उजेड दिसला, दोरे दात विचकल्यासारखे उघडे पडले, तर ती पँट ठेवून द्या. खिशाच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना दाट आडवे टाके, म्हणजे बारटॅक, आहेत का ते पाहा. जीन्सच्या खिशांना तांब्याची रिव्हेट लावण्याचं पेटंट १८७३ सालचं आहे, जेकब डेव्हिस या शिंप्याची ती कल्पना, आणि कारण हेच होतं: कामकऱ्यांच्या पँटचे खिसे कोपऱ्यातून फाटत. ती जागा आजही तशीच कमजोर आहे.

खिशाची खोली बोटांनी मोजा. आजचे फोन १५-१६ सेंमी लांब असतात, म्हणून २० सेंमीपेक्षा कमी खोल खिशातून ते उकिडवे बसताना बाहेर येतात. स्त्रियांच्या तयार पँटमध्ये खिसे अनेकदा याच्या निम्मे असतात. शिंप्याला सांगून खिशाची पिशवी कापून खाली जाड सुती कापड जोडून घेता येतं. हे काम छोटं आहे, जरूर करून घ्या.

शेवटचं, लांबी. सुती जास्त असलेलं कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत ३ ते ५ टक्के आटू शकतं. ७६ सेंमी आतली लांबी असलेली पँट ४ टक्के आटली तर ३ सेंमी गेले. म्हणून आधी दोनदा धुवा, मग मोहरी कापून घ्या. आणि कापलेला तुकडा शिंप्याकडून परत मागून घ्या. त्याच रंगाचं, त्याच विणीचं ठिगळ नंतर कुठेही मिळत नाही.

शर्ट, टी-शर्ट, कुर्ती

इथे एकच गोष्ट नीट समजून घ्या: मुंढा, म्हणजे बाही धडाला जोडतात ती गोलाई. हात वर केला की शर्ट कमरेतून बाहेर येतो, पाठीत ओढतो, म्हणून लोक एक माप मोठा शर्ट घेतात. त्याने त्रास वाढतो. मोठ्या मापात मुंढा खाली उतरतो, आणि मुंढा जितका खाली तितका हात उचलताना तो सगळा शर्ट बरोबर उचलतो. काखेच्या जवळ, उंच कापलेला मुंढा असेल तर बाही एकटी हलते आणि धड जागेवर राहतं. दोन शर्ट घालून दोन्ही हात डोक्यावर न्या, फरक लगेच कळतो. खोचलेला शर्ट हात पूर्ण वर केल्यावरही पट्ट्याखाली निदान ४-५ सेंमी राहिला पाहिजे. पाठीवर खांद्याखाली दोन्ही बाजूंना चुण्या असलेला शर्ट पुढे हात करून काम करताना मोकळा राहतो. मधोमध एकच चुणी असेल तर तितका फायदा होत नाही, कारण कापड लागतं ते खांद्याच्या हाडांपाशी.

वजन: शर्टाला १२० ते १६० जीएसएम, कॉलरच्या टी-शर्टाला १८० ते २२०. लोकांसमोर जावं लागत असेल तर कॉलरचा टी-शर्ट हा सगळ्यात सोयीचा कपडा. ताणतो, इस्त्री लागत नाही, आणि कॉलर असल्यामुळे व्यवस्थित दिसतो. फक्त कॉलर धुतल्यावर पानासारखी वळते का, हे एक नग घेऊन, धुऊन बघा आणि मगच बाकीचे घ्या.

लांब बाहीची कफ मशीनजवळ काम असेल तर घट्ट हवी किंवा बाही आखूडच हवी. लोंबणारी टोकं, सैल गाठी, गळ्यातल्या दोऱ्या यांना फिरत्या भागांजवळ जागा नाही.

मळखाऊ रंग म्हणजे काळा नव्हे

आपल्याकडे ‘मळखाऊ’ म्हटलं की काळा किंवा गडद निळा घेतला जातो. तुमच्या कामात मळ कसला आहे त्यावर हे ठरतं. तेल, ग्रीस, काजळी असेल तर गडद रंग बरोबर. पण सिमेंट, पीठ, चुना, लाकडाचा भुसा, कागदाची धूळ असेल तर काळ्यावर प्रत्येक हात दिसतो. तिथे खाकी, राखाडी, मातकट रंग घ्या. घामाचा डाग सगळ्यात जास्त दिसतो तो मध्यम राखाडी आणि फिक्या निळ्यावर, कमी दिसतो पांढऱ्या आणि गडद निळ्यावर. घामाचे पांढरे क्षार मात्र वाळल्यावर काळ्यावर उठून दिसतात. म्हणून माझी पसंती: पँट राखाडी किंवा खाकी, वर गडद निळा. पँटचे दोनच रंग आणि वरचे तीनच रंग ठेवा, आणि प्रत्येक वरचा कपडा दोन्ही पँटवर जमला पाहिजे. मग सकाळी विचार करावा लागत नाही आणि एक कपडा गेला तरी जोडी मोडत नाही.

बूट

बूट संध्याकाळी घ्या, दिवसभर उभं राहिल्यावर पाय सुजलेला असतो. कामाला घालणार तेच मोजे घालून जा. आतलं इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पायाची कड इनसोलच्या बाहेर जात असेल तर तो बूट रुंदीला कमी आहे. एक नंबर मोठा घेतला तर फक्त लांबी वाढते आणि टाच आत घसरायला लागते. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण १ सेंमी जागा हवी. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, माप त्या पायाचं.

मग बूट हातात घ्या. पुढचं टोक वर वाकवा. तो बोटांच्या सांध्याशी वाकला पाहिजे, मधोमध वाकत असेल तर कमानीला आधार नाही. दोन्ही टोकं धरून पिळा, टॉवेलसारखा पिळला गेला तर दिवसभर उभं राहण्याच्या कामाचा नाही. टाचेची मागची भिंत अंगठ्याने दाबा, ती सहज आत जाता कामा नये.

तळव्याच्या खाचा जागेनुसार बघा. खोल, मोठ्या खाचा मातीसाठी असतात. ओल्या, गुळगुळीत फरशीवर त्या उलट घसरतात, कारण जमिनीला टेकणारं रबर कमी असतं. तिथे मऊ रबर आणि कडेपर्यंत उघड्या जाणाऱ्या बारीक खाचा हव्यात, म्हणजे पाणी बाहेर ढकललं जातं. जड वस्तू पडण्याचा धोका असेल तर आयएसओ २०३४५ या सुरक्षा बुटांच्या मानकाचा शिक्का पाहा. त्या मानकाप्रमाणे बुटाची पुढची, बोटांवरची कडक टोपी २०० ज्यूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसते. तो धोका नसेल तर टोपीचं वजन दिवसभर उचलू नका.

गोदामात वर्षानुवर्षं पडून असलेला ‘नवा’ बूट स्वस्तात मिळाला तर जपून. पॉलियुरेथेनचा तळवा हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, न वापरताही. वरून चकचकीत दिसणारा बूट घालून चार दिवस चाललं की तळव्याचे तुकडे पडतात.

एक बूट रोज घालू नका. घामाने ओला झालेला बूट एका रात्रीत आतून वाळत नाही. ओल्या बुटात कातडी मऊ पडते, मग घासून फोड येतात, आणि कुबट वासही तिथूनच सुरू होतो. म्हणून पहिल्या पगारातून दुसरा जोड घ्या आणि आलटून पालटून घाला. भिजला तर आत वर्तमानपत्र कोंबा, दोन-तीनदा बदला, आणि सावलीत ठेवा. हीटरपाशी किंवा कडक उन्हात ठेवला तर तळव्याचा गोंद सुटतो आणि चामड्याला भेगा जातात.

टाच वर-खाली होऊन चावत असेल तर नाडी बदलून बघा. सगळ्यात वरच्या दोन भोकांतून प्रत्येक बाजूची नाडी त्याच बाजूला ओवून छोटा फास करा, समोरच्या नाडीचं टोक त्या फासातून घ्या आणि खाली खेचून बांधा. टाच मागे बसते आणि बोटं मोकळी राहतात.

आगीजवळचं काम सोडलं तर मोजे शुद्ध सुती नकोत. ते घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात. लोकर-मिश्र किंवा सुती-नायलॉन मिश्र, टाच आणि बोटांशी जाड विणलेले घ्या. सहा ते सात जोड, सगळे एकाच रंगाचे, म्हणजे एक हरवला तरी जोडी जमते.

आतले कपडे

मांड्या घासून सोलवटत असतील तर मलम लावत बसण्याआधी आतला कपडा बदला. मांडीच्या मध्यापर्यंत येणारी, सपाट शिवणीची चड्डी हा खरा उपाय. शिवण नेमकी घासणाऱ्या जागी नको. स्त्रियांसाठी रुंद पट्ट्यांची, खाली काचणार नाही अशी स्पोर्ट्‌स ब्रा. किमान चार, कारण लवचिक पट्टी सलग दोन दिवस ताणलेली राहिली की लवकर सैल पडते.

वापरलेले कपडे

पँट, जॅकेट, शर्ट वापरलेले घ्यायला काहीच हरकत नाही, उलट ते आधीच आटून झालेले असतात. पँट उजेडासमोर धरा. मांडीच्या आतून उजेड झिरपत असेल तर कापड विरलं आहे, ती परत ठेवा. चेन दहा वेळा वर-खाली करा. कॉलरची घडी उलटून बघा. इलॅस्टिक ताणून सोडा, कुरकुर आवाज आला तर ते संपलं. गेलेलं बटण, उसवलेली मोहरी हे दोष नाहीत, त्यावर भाव कमी करून घ्या. बूट आणि आतले कपडे मात्र वापरलेले नकोत. बुटाचा फोम आधीच्या माणसाच्या पायाप्रमाणे दबलेला असतो.

धुणं

पँट-शर्ट उलटे करून, चेन आणि हूक लावून, ३० ते ४० अंशांच्या पाण्यात धुवा. सावलीत वाळवा. इलॅस्टेन असलेल्या कपड्यांना क्लोरिनचं ब्लीच आणि ड्रायरची उष्णता दोन्ही नकोत, ताण मरतो. घाम वाळवणाऱ्या कपड्यांना फॅब्रिक कंडिशनर लावू नका, तो धाग्यांवर थर बसवतो आणि मग कपडा घाम शोषत नाही.

ग्रीसचा डाग ओला करण्याआधी त्यावर भांड्यांचा लिक्विड साबण बोटाने चोळा, २० मिनिटं ठेवा, मग धुवा. रक्ताचा डाग थंड पाण्यातच. गरम पाण्याने प्रथिनं घट्ट होतात आणि डाग कायमचा बसतो. काखेतला पिवळा डाग बहुधा घाम आणि घामरोधकातल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे पडतो. क्लोरिनच्या ब्लीचने तो आणखी पिवळा होतो. कोमट पाण्यात ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, घालून दोन-तीन तास भिजवा.

फाटण्याआधीची शिलाई

नवी पँट घालण्याआधी तासभर दिलात तर तिचं आयुष्य बरंच वाढतं. आसनाच्या शिवणीवर, पुढे-मागे मिळून साधारण २० सेंमी, पॉलिएस्टरच्या दोऱ्याने दुसरी टीप मारा. इंचाला ८ ते १० टाके. याहून दाट टाके मारले तर सुई कापडालाच भोकं पाडून कमजोर करते. जाड ट्विलला १४ नंबरची सुई, डेनिमला १६. ताणणारं कापड असेल तर गोल टोकाची सुई आणि बारीक नागमोडी टाका, नाहीतर कापड ताणलं की सरळ टीप तुटते.

मांडीच्या आत, जिथे घासतं तिथे, कापलेल्या मोहरीच्या तुकड्यातून हाताच्या तळव्याएवढं अंडाकृती ठिगळ कापा. चौकोनी नको, कोपऱ्यांशी ताण जमतो आणि कापड तिथूनच जातं. ते आतून ठेवून कडेने शिवा आणि मधे समांतर तीन-चार ओळी टिपा मारा. इस्त्रीने चिकटवायची ठिगळं नुसती चिकटवून चालत नाहीत, पाच-सहा धुण्यांत कड सुटते. चिकटवल्यावर कडेने शिवलीच पाहिजेत.

बटणं सगळी सुटी करून पुन्हा लावायची गरज नाही, फक्त कमरेचं आणि ज्याच्यावर ताण येतो तेवढं. बटण आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीची काडी ठेवून शिवा, काडी काढा, आणि त्या मोकळ्या दोऱ्याभोवती चार-पाच वेढे देऊन मागे गाठ मारा. या बुंध्यामुळे बटण काजात ऐसपैस बसतं आणि वाकताना ताण कापडावर न येता दोऱ्याच्या बुंध्यावर येतो.

पुढचा क्रम असा ठेवा: दोन आठवड्यांनी, काम काय मागतं ते कळल्यावर, तिसरी पँट आणि दोन वरचे कपडे. पहिल्या पगारातून दुसरा बूट आणि उरलेले मोजे. चौथी पँट आणि पावसाचं किंवा थंडीचं वरचं कवच त्यानंतर. ते कवच घेताना काखेत हवा जाण्याची सोय आहे का आणि आतल्या शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का हे बघा. पट्टी नसेल तर पाणी कापडातून नाही, टाक्यांच्या भोकांतून आत येतं.